पिट्युटरीची गाठ: औषधाने काय आटते, काय नुसते थोपते

भिलाईत कुणाच्या एमआरआयच्या अहवालात ‘पिट्युटरी ॲडिनोमा’ असे दोन शब्द आले की घरातले पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. कॅन्सर आहे का? आणि डोक्याचे ऑपरेशन करावे लागेल का? पहिल्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात, शरीरात इतरत्र पसरत नाहीत. दुसऱ्याचे उत्तर मात्र तिसऱ्याच एका प्रश्नावर अवलंबून असते आणि तो घरातले कुणी सहसा विचारत नाही: ही गाठ कोणते हॉर्मोन बनवते?

सगळा उपचार या एका उत्तरावर फिरतो. एका प्रकारच्या गाठीत आठवड्यातून दोनदा घ्यायची बारीकशी गोळी हॉर्मोन खाली आणते आणि गाठही आटवते. दुसऱ्या प्रकारात महिन्याचे इंजेक्शन हॉर्मोन आवरते, गाठ थोडीफार आकसते, पण पहिला मान शस्त्रक्रियेचाच राहतो. तिसऱ्या प्रकारात बहुतेक गोळ्या फक्त हॉर्मोनचा पूर थोपवतात, गाठ जागच्या जागी असते. त्यामुळे ‘अमक्याची गाठ नुसत्या गोळीने गेली’ हे शेजाऱ्यांचे सांगणे एका घरासाठी अगदी खरे असू शकते आणि दुसऱ्या घराचा मोलाचा वेळ घालवू शकते.

पीयूषिका ग्रंथी, म्हणजे आपण ज्याला पिट्युटरी म्हणतो ती, मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. आकार हरभऱ्याएवढा. थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी, अंडाशय, वृषणे या सगळ्यांना हुकूम इथून सुटतात. वाढीचे हॉर्मोन आणि दूध आणणारे प्रोलॅक्टिनही इथेच तयार होते. या ग्रंथीतल्या एका जातीच्या पेशी बेसुमार वाढल्या की त्या जातीचे हॉर्मोनही बेसुमार होते. गाठ 10 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तिला सूक्ष्म म्हणतात, 10 किंवा त्याहून मोठी असेल तर स्थूल. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण खोबणीच्या लगेच वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. मोठी गाठ वर सरकली की त्या नसांवर दाब येतो आणि दोन्ही बाजूंचे, कानांकडचे दिसणे कमी होते. समोरची अक्षरे नीट वाचता येतात, म्हणून चष्म्याच्या तपासणीत हे सुटून जाते. कारखान्यात क्रेन चालवणाऱ्याला किंवा जीई रोडवरून रोज स्कूटर नेणाऱ्याला बाजूचे दिसत नसेल तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून गाठ मोठी असेल तर दृष्टिक्षेत्राची तपासणी, ज्याला पेरिमेट्री किंवा नुसतेच ‘फील्ड’ म्हणतात, ती औषध सुरू करण्याआधी झालीच पाहिजे. आधीचा कागद हाती नसेल तर औषधाने डोळ्यांत काय फरक पडला हे नंतर कळायला मार्ग उरत नाही.

प्रोलॅक्टिनची गाठ

हॉर्मोन बनवणाऱ्या पिट्युटरीच्या गाठींत सर्वांत जास्त आढळते ती प्रोलॅक्टिनोमा. स्त्रियांत पाळी लांबते किंवा थांबते, मूल नसताना स्तनांतून दूध येते, दिवस राहत नाहीत. पुरुषांत इच्छा कमी होते, ताठरता येत नाही, शुक्राणू कमी होतात. पुरुष हे सांगायला लाजतात, वयाच्या किंवा कामाच्या थकव्याच्या नावावर घालतात. त्यामुळे त्यांची गाठ पुष्कळदा मोठी झाल्यावर, डोळ्यांवर परिणाम झाल्यावर सापडते. घरातल्या बाईने पाळीची तक्रार लवकर सांगितली म्हणून तिची गाठ सूक्ष्म असतानाच मिळते. पुरुषाने बोलायला वेळ लावला की त्याला तो फायदा मिळत नाही. हे मी मुद्दाम ठासून लिहितो आहे.

मेंदूतून येणारे डोपामिन हे रसायन प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींना सतत आवरून धरते. कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन ही औषधे त्याच डोपामिनचे काम करतात. पेशीच्या पृष्ठभागावरच्या डोपामिनच्या जागी ती बसतात, पेशी प्रोलॅक्टिन बनवणे थांबवते आणि स्वतःही आकसते. पेशीतला हॉर्मोन बनवण्याचा सगळा पसारा लहान होतो, म्हणून गाठ आटते. मोठ्या गाठीतही डोळ्यांवरचा दाब काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरू लागल्याचे दिसते. मेंदूच्या तळाशी असलेली गाठ कवटी न उघडता, नाकातही उपकरण न घालता, नुसत्या गोळीने लहान व्हावी, असे वैद्यकात फार थोड्या ठिकाणी घडते.

दोन्हींपैकी आज पहिली पसंती कॅबरगोलिनला असते. ते शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून आठवड्यातून एकदा किंवा दोनदा पुरते. ब्रोमोक्रिप्टिन रोज घ्यावे लागते. 1994 मध्ये 459 स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या तुलनेत कॅबरगोलिन घेणाऱ्या 83 टक्के स्त्रियांचे प्रोलॅक्टिन नेहमीच्या पातळीवर आले, ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्या 59 टक्के स्त्रियांचे आले. त्रास सहन न झाल्यामुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 3 आणि 12 टक्के होते.

सुरुवात सहसा 0.25 मिलिग्रॅमने होते आणि मात्रा हळूहळू वाढवतात. गोळी जेवणानंतर, रात्री झोपताना घ्यावी. मळमळ, डोकेदुखी, नाक चोंदणे, बद्धकोष्ठ हे सुरुवातीचे त्रास त्यामुळे बरेच कमी जाणवतात. आपल्या गावासाठी एका त्रासाबद्दल वेगळे लिहायला हवे, आणि तो म्हणजे उठताना रक्तदाब एकदम खाली जाऊन चक्कर येणे. भिलाईत मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात जातो. कोक ओव्हन, ब्लास्ट फर्नेस किंवा स्टील मेल्टिंग शॉपमध्ये उभे राहणाऱ्याला घाम किती जातो हे त्यालाच माहीत. अशा माणसाने पहिली गोळी कामाच्या आदल्या रात्री घेऊ नये. साप्ताहिक सुटीच्या आदल्या रात्री घ्यावी, दुसऱ्या दिवशी पाणी भरपूर प्यावे, अंथरुणातून झटक्यात उठू नये आणि कारखान्याच्या डॉक्टरांना औषधाचे नाव सांगून ठेवावे. रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू असतील तर तेही सांगावे.

आणखी एक परिणाम घरच्यांनी ओळखायचा असतो, कारण रुग्णाला तो स्वतःचाच स्वभाव वाटतो. डोपामिनसारखी औषधे काही जणांत मनावरचा ताबा सैल करतात. एरवी काटकसरी माणूस मोबाइलवर पैसे लावून खेळू लागतो, गरज नसताना खरेदी करतो, लैंगिक इच्छा अनावर होते. भांडणे होतात, कर्ज होते, आणि गोळीशी याचा संबंध कुणी जोडत नाही. औषध कमी केले किंवा थांबवले की बहुधा हे ओसरते. म्हणून गोळी सुरू होतानाच पत्नीला, पतीला किंवा मोठ्या मुलाला हे सांगून ठेवावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हा औषधाचा नोंदलेला परिणाम आहे. मनोविकाराच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णांत कॅबरगोलिन मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मनोविकाराची गोळीही परस्पर बंद करू नये.

हृदयाच्या झडपांची भीती अनेकांनी ऐकलेली असते. तिचा उगम कंपवाताच्या रुग्णांत आहे. त्यांना कॅबरगोलिन रोज काही मिलिग्रॅम द्यावे लागे आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्यांच्या झडपा जाड झालेल्या आढळल्या. प्रोलॅक्टिनच्या गाठीत आठवड्याला बहुधा अर्धा ते दोन मिलिग्रॅम पुरतात. एवढ्या मात्रेत तो धोका फार कमी आहे. आठवड्याला दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रा दीर्घकाळ लागली तर डॉक्टर मधूनमधून इको करवून घेतात. या भीतीने स्वतःहून गोळी सोडणारा माणूस छोटा धोका टाळायला जातो आणि मोठा पत्करतो.

दिवस राहण्याबद्दल. प्रोलॅक्टिन उतरले की पाळी परत येण्याच्या आधीच बीज सुटू शकते. म्हणून ‘पाळीच नाही, तर काळजी कशाला’ हा हिशेब चुकतो. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, नको असेल तर गोळी सुरू झाल्यापासूनच गर्भनिरोधनाचा विचार करावा. गाठ सूक्ष्म असेल तर दिवस राहिल्याचे कळताच औषध सहसा थांबवतात. गाठ मोठी असेल, विशेषतः डोळ्यांच्या नसांजवळ असेल, तर निर्णय वेगळा असू शकतो, कारण गरोदरपणात अशी गाठ वाढू शकते. तो निर्णय दिवस राहण्याआधी ठरलेला बरा. गरोदरपणात डोकेदुखी वाढली किंवा बाजूचे दिसणे कमी झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

गोळी किती दिवस? किमान दोन वर्षे. त्यानंतर प्रोलॅक्टिन सतत नेहमीच्या पातळीवर असेल आणि एमआरआयमध्ये गाठ दिसत नसेल, तर डॉक्टर मात्रा कमी करत थांबवून पाहतात. थांबवल्यावर प्रोलॅक्टिन पुन्हा वाढणारे रुग्ण बरेच आहेत. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण पाव हिश्श्यापासून दोनतृतीयांशापर्यंत आले आहे, आणि ते बहुधा पहिल्या वर्षातच होते. म्हणून थांबवल्यानंतरच्या वर्षात रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. मोठी गाठ असलेल्या काहींना गोळी आयुष्यभर लागते. आणि शस्त्रक्रिया? गाठ सूक्ष्म असेल किंवा ग्रंथीच्या हद्दीत नीट बसलेली असेल, शल्यविशारद या कामात मुरलेला असेल आणि रुग्णाला वर्षानुवर्षे गोळी नको असेल, तर नाकावाटे शस्त्रक्रियेचा पर्यायही आता बरोबरीने समोर ठेवावा, असे 2023 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमताने सांगितले आहे. तुमच्या डॉक्टरांनी हा पर्याय मांडला तर गोळी फसली असे समजू नका.

प्रोलॅक्टिन वाढले म्हणजे गाठच असे नाही

या भागासाठी वाचकांनी जरा थांबावे, कारण इथे फुकटचे उपचार फार होतात. ॲसिडिटी आणि पोटफुगीसाठी आपण ज्या गोळ्या सहज घेतो त्यांत पुष्कळदा डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेले असते. ही दोन्ही औषधे डोपामिनला अडवतात आणि प्रोलॅक्टिन चांगलेच वाढवतात. मेटोक्लोप्रामाइड तसेच, रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड ही मनोविकाराची औषधेही तशीच. सुपेल्याच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली पोटाची गोळी महिनोन्‌महिने चालू असते, पाळी थांबते, प्रोलॅक्टिन वाढलेले येते, एमआरआय होतो, त्यात योगायोगाने दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका दिसतो आणि बाई ‘ब्रेन ट्यूमर’ची रुग्ण होते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाने सोबत न्या. नावे आठवून सांगू नका, पानेच दाखवा.

थायरॉइड मंदावले तरी प्रोलॅक्टिन वाढते आणि पिट्युटरी फुगून गाठीसारखी दिसते. थायरॉक्सिनची गोळी सुरू केली की ती फुगवट उतरते. अशा ग्रंथीवर शस्त्रक्रिया करणे हा मोठा अनर्थ आहे. म्हणून टीएसएच पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. गरोदरपण आणि मूत्रपिंडाचा आजारही आधी वगळावा लागतो.

आकड्यांतही एक खोच आहे. गाठ मोठी, पण प्रोलॅक्टिन थोडेसेच, म्हणजे शंभरच्या आत वाढलेले, अशा वेळी बहुधा ती प्रोलॅक्टिनची गाठ नसते. हॉर्मोन न बनवणाऱ्या मोठ्या गाठीने डोपामिन आणणारा देठ दाबला म्हणून तो आकडा वाढलेला असतो. कॅबरगोलिन दिले की आकडा उतरतो, सगळ्यांना आनंद होतो, आणि गाठ तशीच राहते किंवा वाढते. उलट, फारच प्रचंड गाठीत हॉर्मोन इतके असते की काही तपासणी पद्धतींत यंत्र चकते आणि आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगतात. गाठीचा आकार आणि आकडा जुळत नसेल तर ‘नमुना पातळ करून पाहिला का?’ एवढे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

वाढीच्या हॉर्मोनची गाठ

मोठेपणी वाढीचे हॉर्मोन वाढले की उंची वाढत नाही, पण हात, पाय, जबडा, नाक, जीभ वाढतात. याला ॲक्रोमेगली म्हणतात. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी 1886 मध्ये या आजाराला हे नाव दिले. बदल इतका संथ असतो की रोज पाहणाऱ्या घरच्यांना तो दिसत नाही आणि निदानाला वर्षे लागतात. भिलाईत मात्र त्याचे काही पुरावे कारखान्यातूनच मिळतात. सेफ्टी शूजचा नंबर दर वेळी वाढवून मागावा लागतो, हेल्मेटची पट्टी शेवटच्या भोकापर्यंत जाते, लग्नातली अंगठी बोटात जात नाही. त्याच्या जोडीला घोरणे, घाम, मधुमेह, रक्तदाब. जुना ओळखपत्रावरचा फोटो आणि आजचा चेहरा शेजारी ठेवून पाहा, डॉक्टरांनाही दाखवा. रक्तात आयजीएफ-1 ही तपासणी करतात, कारण वाढीचे हॉर्मोन दिवसात सारखे वर-खाली होते आणि आयजीएफ-1 स्थिर असते.

इथे पहिला उपाय शस्त्रक्रिया आहे, आणि तो नाकावाटे, दुर्बिणीने. सूक्ष्म गाठीत अनुभवी हातांनी बहुतेक रुग्ण पूर्ण मुक्त होतात. मोठ्या गाठीत हे प्रमाण बरेच खाली येते. उरलेल्या आजारासाठी औषधे लागतात. त्यांतले मुख्य म्हणजे ऑक्ट्रिओटाइड आणि लॅनरिओटाइड ही दर चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शने. ती सोमॅटोस्टॅटिन या नैसर्गिक लगामाची नक्कल करतात. हॉर्मोन उतरते आणि बऱ्याच रुग्णांत गाठही काही प्रमाणात आकसते, पण प्रोलॅक्टिनच्या गाठीइतकी ठळक नाही. आयजीएफ-1 पूर्ण ताब्यात येणे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आयजीएफ-1 थोडेच वाढलेले असेल तर कॅबरगोलिनही उपयोगी पडते आणि ते कितीतरी स्वस्त आहे. पेगव्हिसोमंट हे औषध वाढीच्या हॉर्मोनला शरीरात काम करू देत नाही. त्याने आयजीएफ-1 उतरते, त्रास कमी होतो, पण गाठीवर त्याचा परिणाम नाही. म्हणून ते घेणाऱ्याच्या एमआरआयवर लक्ष ठेवावेच लागते.

इंजेक्शनच्या बाबतीत साधी काळजी फार मोलाची आहे. दीर्घकाळ चालणारे ऑक्ट्रिओटाइड 2 ते 8 अंश तापमानात ठेवायचे असते. रायपूर किंवा नागपूरहून आणताना बर्फाच्या पाकिटांसह थंड डब्यात आणा, पण कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नका, ते गोठता कामा नये. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेले इंजेक्शन वाया गेले असे समजा. ते देताना ऐनवेळी मिसळावे लागते आणि नितंबाच्या स्नायूत खोल द्यावे लागते. ज्या परिचारिकेने ते आधी दिले असेल तिच्याकडूनच शक्यतो घ्यावे, कारण सुई तुंबणे किंवा औषध चरबीत जाणे हे नवख्या हातून होते. पहिल्या काही दिवसांत जुलाब, पोटात कळ येते, पुढे कमी होते. पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून पोटाची सोनोग्राफी लागते. साखरही तपासत राहावी.

कॉर्टिसॉलची गाठ

या गाठीच्या हुकुमाने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे हॉर्मोन बेसुमार बनवते. हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी 1932 मध्ये पिट्युटरीच्या या आजाराचे सविस्तर वर्णन केले. चेहरा गोल होतो, पोट सुटते आणि हातपाय काटकुळे होतात, पोटावर जांभळे रुंद पट्टे येतात, जराशा धक्क्याने कातडी निळी पडते, हाडे ठिसूळ होतात, जिने चढता येत नाहीत. पण असे दिसणाऱ्या आपल्याकडच्या माणसांत पहिली शंका गाठीची नको, स्टेरॉइडची हवी. सांधेदुखी, दमा किंवा वजन वाढवण्यासाठी मिळणाऱ्या निनावी पुड्या आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. चेहरा उजळवण्यासाठी लावलेल्या मलमांतही ते असते. अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्र एकदम बंद करू नका, कारण तुमची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते आणि अचानक बंद केल्याने जीव धोक्यात येतो.

गाठ खरोखर असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे. औषधे लागतात ती शस्त्रक्रियेची वाट पाहताना, ती पूर्ण यशस्वी न झाल्यावर किंवा किरणोपचाराचा परिणाम यायला वर्षे लागतात त्या काळात. किटोकोनाझोल, मेटायरापोन, ऑसिलोड्रोस्टॅट ही औषधे अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल बनू देत नाहीत. गाठीला ती हात लावत नाहीत. पॅसिरिओटाइड आणि कॅबरगोलिन गाठीवर काम करतात, पण सगळ्यांत नाही, आणि पॅसिरिओटाइडने साखर चांगलीच वाढते. किटोकोनाझोल आपल्याकडे सहज मिळते म्हणून ते हलके औषध समजू नये. त्याने यकृताला इजा होऊ शकते, रक्ततपासण्या सांगितल्या वेळी व्हायलाच हव्यात, आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबर घेतले तर ते नीट शोषले जात नाही.

या औषधांचा उलटा धोकाही आहे. कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली गेले तर प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब खाली जाणे, भूक मरणे सुरू होते. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही असे होते आणि तेव्हा काही महिने हायड्रोकॉर्टिसोनची गोळी लागते. ती घेणाऱ्याला ताप आला की मात्रा वाढवावी लागते. किती वाढवायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागते, थांबायचे नाही. खिशात ‘मला हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे’ अशी चिठ्ठी हिंदीत लिहून ठेवा. अपघात विभागात ती लगेच वाचली जाईल.

पाळीची नोकरी आणि रक्ततपासणी

आमच्या या गावात फर्स्ट, सेकंड आणि नाइट शिफ्ट हे घराघराचे घड्याळ आहे, आणि हॉर्मोनची तपासणी घड्याळावरच चालते. कॉर्टिसॉल पहाटेनंतर सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. रात्री जागून काम करणाऱ्यात हे चक्र उलटसुलट होते. म्हणून नाइट शिफ्ट करणाऱ्यात रात्रीच्या लाळेतल्या कॉर्टिसॉलवर भरवसा ठेवत नाहीत, दुसऱ्या तपासण्या निवडतात. प्रोलॅक्टिन झोपेत वाढते. झोपून उठल्या-उठल्या किंवा नाइट करून धावत-पळत जाऊन रक्त दिले तर आकडा उगाच फुगतो. उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडे शांत बसून रक्त द्यावे, आणि तुम्ही कोणत्या शिफ्टमध्ये आहात हे प्रयोगशाळेच्या कागदावर लिहून घ्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. त्या काही हॉर्मोन तपासण्या बिघडवतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी थांबवतात. दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासा.

कुठे जायचे, किती खर्च

सेक्टर 9 चे जवाहरलाल नेहरू चिकित्सालय हे इस्पात संयंत्राच्या कुटुंबांचे पहिले ठिकाण. तिथून गरजेप्रमाणे बाहेर पाठवले जाते. रायपूर तासाभरावर आहे, तिथे एम्स आहे. नागपूर रेल्वेने चार-पाच तासांवर. मुंबईत नातेवाईक असलेली इथली मराठी घरे पुष्कळदा परळच्या केईएम रुग्णालयाचा विचार करतात, तिथल्या अंतःस्रावी विभागाचा पिट्युटरीच्या आजारांतला अनुभव मोठा आहे. कुठेही जा, पण शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्या शल्यविशारदावर किंवा एकट्या फिजिशियनवर सोडू नका. अंतःस्रावी तज्ज्ञ, न्यूरोसर्जन आणि नेत्रतज्ज्ञ या तिघांचे मत कागदावर हवे. शल्यविशारदाला ‘तुम्ही पिट्युटरीच्या किती शस्त्रक्रिया करता?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. या शस्त्रक्रियेत यश हाताच्या सरावावर ठरते.

आयुष्मान कार्डाचा आधार कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा आहे, पण तो मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी. महिन्याची इंजेक्शने आणि गोळ्या त्यात सहसा बसत नाहीत, म्हणून घरचा हिशेब आधी मांडावा लागतो. सेलमधून निवृत्त झालेल्यांनी आपल्या मेडिक्लेममध्ये बाह्यरुग्ण औषधांची मर्यादा किती हे विचारून घ्यावे. कॅबरगोलिन सर्वसामान्य घराला झेपते, जनऔषधी केंद्रात विचारून पाहावे. ऑक्ट्रिओटाइड आणि लॅनरिओटाइड मात्र महाग आहेत. वर्षभर चालवता येणार नाहीत हे दिसत असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पैशांअभावी अधूनमधून घेतलेल्या इंजेक्शनांपेक्षा वेळेवर केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदा हिताची ठरते.

एक फाइल करा. पहिल्या एमआरआयची सीडी, नुसता अहवाल नव्हे, तीत असू द्या. गोळी सुरू झाल्यावर महिन्याभराने प्रोलॅक्टिन, मोठ्या गाठीत सुमारे तीन महिन्यांनी आणि लहान गाठीत वर्षाने पुन्हा एमआरआय, असा साधारण क्रम असतो. जुने चित्र हाती असेल तरच नव्याशी ताडून पाहता येते.

घरी थांबून पाहायची नाहीत अशी दोन लक्षणे आहेत. मोठी गाठ गोळीने भराभर आटू लागली की तिने बुजवलेले हाडातले छिद्र उघडे पडू शकते आणि मेंदूभोवतीचे पाणी नाकातून ठिबकू लागते. एका नाकपुडीतून, पुढे वाकल्यावर, पाण्यासारखे स्वच्छ गळते. ती सर्दी नाही. त्या वाटेने मेंदूज्वर होऊ शकतो. दुसरे लक्षण गाठीत अचानक रक्तस्राव झाल्याचे: आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, उलट्या, एकाएकी कमी दिसणे, एकाचे दोन दिसणे, पापणी खाली पडणे. अशा वेळी वेदनाशामक देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजलेले असोत, न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: पिट्युटरीची गाठ आहे आणि ही गोळी चालू आहे.